अकोल्याच्या घरी न केलेली प्रार्थना

अमरावतीच्या एका लहान ख्रिस्ती सेमिनरीत मी गेली बावीस वर्षे शिकवतो. माझ्याकडे असलेल्या विषयाचे नाव 'इतर धर्मांचा परिचय' असे आहे. आमच्याकडे येणारी मुले-मुली पुढे पाळक व्हायची असतात. बहुतेक जण मोर्शी-वरुडकडच्या किंवा मेळघाटाच्या पायथ्याच्या गावांतून येतात. ज्यांच्या अंगणाला लागून मशिदीची भिंत होती, ज्यांचे निम्मे सोबती विहारात वंदनेला जात, अशी ही मुले परीक्षेत मात्र शेजाऱ्यांविषयी असे लिहीत, की ते शेजारी एखाद्या दूरच्या खंडात राहत असावेत. इस्लामचे पाच स्तंभ ती क्रमाने लिहून दाखवत. आपल्या गल्लीतला शिंपी रमजानमध्ये उपास कशाने सोडतो, असे विचारले की खाली बघत.

म्हणून मी पुस्तक बाजूला ठेवले आणि मुलांना घरांमध्ये नेऊ लागलो. एका सत्रात तीन घरे. दिवसभर तिथे बसायचे, जे चालले असेल ते पाहायचे, विचारायचे, जेवायला दिले तर जेवायचे आणि परत येऊन वहीत लिहायचे. या वहीला आम्ही भेटवही म्हणत असू.

पहिल्याच वर्षी चूक झाली. कौंडण्यपूरजवळच्या एका शेतकरी घरात आमचा दिवस फार चांगला गेला. निघताना आमच्यातल्या एका विद्यार्थ्याने, कोणी सांगितले नसताना, डोळे मिटून मोठ्याने प्रार्थना सुरू केली आणि अंधारात असलेल्या या घराला प्रकाश मिळो, अशी विनंती देवाकडे केली. घरमालकांनी शांतपणे हात जोडले. पुढल्या वर्षी फोन केला तेव्हा ते म्हणाले की यंदा घरी लग्न आहे. त्याच्या पुढल्या वर्षीही लग्नच निघाले. त्या घरात दोनच मुलगे होते, आणि दोघांचीही लग्ने आम्ही गेलो त्याआधीच झालेली होती.

त्यानंतर भेटवहीच्या पहिल्या पानावर मी एक नियम छापून घेतला. आपण ऐकायला जातो. यजमानांच्या घरी प्रार्थना करू नये. बाहेरून येणाऱ्या प्राध्यापकांनी या नियमाचे कौतुक केले. मलाही त्याचा अभिमान वाटत असे. या अभिमानाबद्दल मला आज लिहायचे आहे.

अकोल्याचे घर माझ्या जुन्या ओळखीचे होते. सेमिनरीत येण्यापूर्वी मी अकोल्यात एका मंडळीचा, म्हणजे चर्चचा, पाळक होतो, आणि आमच्या घरच्या रजया जुन्या शहरातल्या एका मुसलमान कारागिराकडून भरून येत. समोरच्या खोलीत कापूस पिंजण्याचे यंत्र, मागे राहते घर. सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांच्या पत्नीला मी भाभी म्हणत असे. मुलांना घेऊन येऊ का, असे मी पहिल्यांदा विचारले तेव्हा चाचांनी यंत्र बंद केले, भुवयांवरचा कापूस झटकला आणि विचारले, की माझे पोट्टे पादरी होणार आहेत की पत्रकार. मग म्हणाले, "या बाप्पा. पण घर जसं हाय तसंच राहीन. तुमच्यासाठी नमाज जास्तीची पढनार नाई."

अकरा वर्षे आम्ही त्या घरी गेलो. चाचा मुलांना धर्म समजावून सांगत नसत. ते काम करत राहत आणि मुले विचारत राहत. कुणी देवदूतांविषयी विचारले तर ते म्हणत, की ते मशिदीतल्या मौलानाला विचारा, मला गादीचे विचारा. पण थोड्या वेळाने सुईत दोरा ओवता ओवता ते स्वतःच काहीतरी बोलत. मयताच्या अंगाखालची गादी पुन्हा पिंजायला आली तर तिचे पैसे ते घेत नसत, हे असेच एकदा कळले. मेलेला माणूस कोणाचा, असे ते विचारत नसत. भाभी आतल्या दारातून मुलांच्या वह्यांकडे पाहून हसत आणि चहा थंड होऊन राहिला, तेही लिहून घ्या, असे टोमणे मारत. माझ्या विद्यार्थ्यांच्या वह्यांमध्ये सर्वांत जिवंत पाने असत ती या घराची.

गेल्या वर्षी जानेवारीत मी नेहमीप्रमाणे फोन केला, तेव्हा चाचांच्या मुलाने सांगितले की अब्बांची छाती पार गेली आहे. आयुष्यभराची कापसाची धूळ. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितले होते. मी म्हणालो की मग यंदा आम्ही येत नाही. तो म्हणाला की हे मी त्यांना सांगितले तर ते मला घराबाहेर काढतील. आठ दिवसांपासून पोट्टे कधी येणार, असे विचारत आहेत.

आम्ही गेलो. आठ विद्यार्थी आणि मी. यंत्र कोपऱ्यात सरकवून त्या जागी खाट टाकली होती. चाचांच्या नाकाला नळी होती. ते दोन शब्द बोलत, थांबत, पुन्हा दोन बोलत. मुले दबून गेली होती, कोणी वही उघडेना. तेव्हा त्यांनीच हाताने खूण केली आणि म्हणाले की आज मी कमी बोलतो, तुम्ही जास्त लिहा. मुले हसली, आणि ते हसू ऐकायला मिळावे म्हणूनच ते बोलले होते, असे मला वाटले.

तासाभराने मी मुलांना उठायची खूण केली. शेजारचे दोघे-तिघे दारात उभे होते. चाचांचा पुतण्या भिंतीला टेकून फोन बघत होता. भाभी डोक्यावरची ओढणी सावरत पुढे आल्या. इतक्या वर्षांत त्या माझ्याशी समोर येऊन फार थोड्या वेळा बोलल्या होत्या.

"सर, तुमी मुसाफिर हाय," त्या म्हणाल्या. "मुसाफिराची दुआ रिकामी जात नाई. यायच्यासाठी दुआ करून जा."

हे मला ठाऊक होते. प्रवाशाच्या आणि आजाऱ्याच्या दुआला मुसलमान घरांत काय मोल असते, दारी आलेल्या पाहुण्याकडे दुआ मागणे हा त्याचा सन्मान कसा असतो, हे मी दर वर्षी वर्गात शिकवत असे. त्यावर परीक्षेत प्रश्नही घालत असे. आणि ते मागणे प्रत्यक्ष माझ्यासमोर आले तेव्हा माझ्या मनात पहिली आली ती माझ्या नियमाची ओळ.

पुढचे लिहायला मला जड जाते. नियम हे नंतर शोधलेले कारण नव्हते, तो खरोखर आठवला. पण त्याच्या मागोमाग जे आले ते नियमापेक्षा मोठे होते. पुतण्याच्या हातातला फोन मला दिसला. प्रार्थनेसाठी जमलेल्या लोकांवर कुठे कुठे माणसे चालून गेली, याच्या बातम्या त्या महिन्यांत रोज येत होत्या. मुसलमानाच्या घरात ख्रिस्ती शिक्षक आठ मुलांना घेऊन प्रार्थना करतो आहे, एवढे चित्र कोणाच्या हाती लागले तर त्याला कोणती ओळ जोडली जाईल, हे मी क्षणात कल्पून पाहिले. त्याहून खाली आणखी एक भीती होती, ती मात्र केवळ आमच्यासारख्यांनाच वाटू शकते. आमची प्रार्थना प्रभू येशूच्या नावाने मागून संपते. ते नाव घेतले तर या घराला ते कसे लागेल? आणि न घेता आमेन म्हटले तर माझ्या मागे उभे असलेले आठ विद्यार्थी काय समजतील? त्यांच्यात एक विद्यार्थिनी अशी होती, की जिचे वडील आमच्या कार्यकारी मंडळावर होते. तिच्या नजरेची मला विशेष धास्ती होती. एका मरणाऱ्या माणसाच्या खाटेशी उभा राहून मी वाक्याचा शेवट कसा करावा याचा विचार करत होतो, आणि सुरुवात करायची वेळ निघून जात होती.

मी म्हणालो की भाभी, आम्ही तिकडे गेल्यावर नक्की करू. रोज करू. इथे नको, तुमच्या घराचा मान राहिला पाहिजे.

भाभींना ते कळले नाही.

"तिकडं काहून, सर?" त्या म्हणाल्या. "मानूस त इथं हाय."

मी काहीतरी पुटपुटलो, हात जोडले आणि दाराशी जाऊन चपला घालू लागलो. मुले माझ्या मागून बाहेर पडली.

आम्ही परतीच्या आगगाडीत बसलो. मूर्तिजापूर मागे गेल्यावर ती विद्यार्थिनी, जिच्या नजरेची मला धास्ती होती, माझ्या समोरच्या बाकावर येऊन बसली. ती हळू म्हणाली की सर, मी केली असती. मी तिला नियमाची आठवण करून दिली. ती म्हणाली की नियम आपणहून प्रार्थना करू नये म्हणून आहे ना, त्यांनी मागितली तर त्याचे काय. मग मी तिला तो प्रश्न विचारला, जो मी कोणालाही विचारला नव्हता. मी म्हणालो, शेवट कसा केला असतास?

"शेवट मी मनात म्हटला असता, सर."

ती हे सहज म्हणाली. तिला त्यात काही अवघड वाटले नव्हते. मी खिडकीबाहेर बघू लागलो. धर्मज्ञानाच्या दोन पदव्या असलेल्या माणसाला हे एवढे सुचले नव्हते.

त्या संध्याकाळी चॅपलमध्ये मी चाचांसाठी प्रार्थना केली. ती लांब होती आणि तिची भाषा चांगली होती. कापसाचा, कष्टाच्या हातांचा, शेजारधर्माचा उल्लेख तिच्यात ओघाने आला. उपासना संपल्यावर प्राचार्यांनी माझा हात हातात घेतला आणि आज मन भरून आले, असे म्हणाले. मी आभार मानले. ज्यांच्यासाठी ती प्रार्थना होती त्यांच्यापैकी एकानेही ती ऐकली नव्हती. देवाने ऐकली असेल. पण भाभींनी देवाला ऐकू जावे एवढ्यासाठीच मागितली नव्हती, हे न कळण्याइतका मी अडाणी नव्हतो.

तीन आठवड्यांनी मुलाचा निरोप आला. अब्बा गेले.

मी अकोल्याला गेलो. मुलगा भेटला, गळ्यात पडला. भाभींना भेटणे शक्य नव्हते. नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस बाई घरात राहते, परक्या पुरुषासमोर येत नाही. हेही मी शिकवत असे; इद्दत या शब्दाची व्याख्या माझ्या टिपणांत होती. त्या चार महिने दहा दिवसांत मी ती व्याख्या अनेकदा वाचली. मला क्षमा मागायची होती आणि जिच्याकडे मागायची ती माझ्याच टिपणांतल्या एका ओळीच्या पलीकडे बसली होती. पत्र लिहावे असे वाटले, लिहिले, फाडले. मुलाकडे निरोप द्यावा असे वाटले; पण तो वाहून नेण्यासारखा निरोप नव्हता.

जुलैच्या सुरुवातीला गेलो. भाभी आतल्या दाराच्या चौकटीत बसल्या होत्या. मुलाने मला खुर्ची दिली आणि तो यंत्राकडे गेला. मी त्यांची तब्येत विचारली. मग, जे चार महिने घोकले होते ते म्हणालो, की त्या दिवशी माझी चूक झाली, मला माफ करा.

त्या रागावलेल्या दिसत नव्हत्या. मला दूरच्या गावचे काहीतरी सांगावे तशा सुरात त्यांनी सांगितले.

"तुमाले दिसलं नसन, सर. मी दुआ म्हनलं त यायनं हात वर केले होते. ताकद नव्हती, तरी केले. तुमी चपला घालून राहिले होते. मंग मीच त्यायचे हात खाली घेतले."

मी त्यांना म्हणालो की आता प्रार्थना करू का. तोंडातून शब्द निघून गेल्यावर मला समजले की हेही मी त्यांच्यासाठी विचारत नव्हतो.

"आता?" भाभी म्हणाल्या. "आता त आमचं आमी करून राहिलो." मग त्या चहा ठेवायला उठल्या.

जुलैतच अभ्यासमंडळाची बैठक होती. भेटवहीतला तो नियम काढून टाकावा किंवा त्याला निदान एक अपवाद जोडावा, असे मी मांडले. अकोल्याच्या घरात काय झाले, ते सांगितले. सगळ्यांनी कळवळ्याने ऐकले. मग मंडळावरच्या एका वकिलांनी सांगितले की उलट हा नियम अधिक पक्का केला पाहिजे, काळ बघा. उद्या एखाद्या मुलीला पोलीस ठाण्यात नेऊन बसवले तर जबाबदार कोण? प्राचार्य माझ्याकडे वळले आणि फार मायेने म्हणाले, "सर, तुमच्या नियमामुळे तर आपण आजवर सुरक्षित आहोत." ठरले असे, की यापुढे प्रत्येक विद्यार्थ्याने भेटीला जाण्याआधी त्या नियमाखाली सही करायची. एक प्रत कार्यालयात राहील. त्यानंतर वसतिगृहाच्या पाण्याच्या टाकीचा विषय निघाला.

वकील खोटे बोलत नव्हते. ठाण्यात बसवलेली मुलगी हा नुसता कल्पनेचा खेळ नव्हता, तसेच काहीतरी अकोल्यात माझ्याही डोळ्यांपुढे येऊन गेले होते. ज्या भीतीने मी चपला घालायला वळलो, तीच आता सहीशिक्क्याने आमच्या कागदावर आली होती, आणि तिला विरोध करण्याचा अधिकार सर्वांत कमी कोणाला असेल तर मला होता. त्या रात्रीच नव्हे, पुढे कितीतरी दिवस मी स्वतःला विचारत राहिलो, की पाळक असताना मी दवाखान्यांत, घरांत, रस्त्यावर शेकडो खाटांशी उभा राहिलो, प्रत्येक वेळी न विचारताही हात धरला. मग शिकवायला लागल्यावर माझे काय झाले? मला वाटते, मी त्या घराला इतके जपून ठेवले की तिथली माणसे मला काही मागू शकतील, हे मी विसरलो. त्यांच्याकडून घ्यायचे तेवढेच मी शिकवले.

डिसेंबरात मुलांच्या सह्या घेतल्या. मेळघाटाकडच्या एका मुलीने पेन हातात धरून विचारले की सर, त्यांनीच मागितली तर? वर्ग माझ्याकडे बघू लागला. मी म्हणालो की मला माहीत नाही. शिक्षकाने असे उत्तर दिले की विद्यार्थ्यांना आधी गंमत वाटते. मग भीती वाटते. तिने सही केली. मी कागद गोळा करून कार्यालयात दिले.

अकोल्याला फोन केला, तेव्हा मुलगा आनंदाने 'या' म्हणाला. मी भाभींची चौकशी केली. त्या दिवशी अम्मी मूर्तिजापूरला खालाकडे, म्हणजे मावशीकडे, जाणार, असे त्याने सांगितले. मी म्हणालो की मग आपण दिवस बदलू, त्या घरी असतील तेव्हा येतो. फोनवर यंत्राचा आवाज येत होता. त्याने ते बंद केले असावे.

"सर, वाईट वाटून नका घेऊ," तो म्हणाला. "तुमी ज्या दिवशी येसान, त्या दिवशी ती जाईन."

आम्ही जानेवारीत गेलो. जाऊ नये, असे मला वाटत होते. पण न जाण्याचे कारण मंडळाला काय सांगणार, आणि मुलाला तरी काय? त्याने खोली झाडून घेतली होती, चटया अंथरल्या होत्या. काम बंद ठेवले होते. त्याने मुलांना कलमा सांगितला, नमाज, रोजा, जकात, हज, सारे क्रमाने सांगितले. एक छापील पुस्तिकाही आणून ठेवली होती. मुले भराभर लिहीत होती. कोणीतरी गादीविषयी विचारले, तेव्हा तो म्हणाला की ते काय, ते आपले पोटापाण्याचे. चहा त्याच्या बायकोने पाठवला. निघताना कोणी काही मागितले नाही. आम्ही सर्वांनी रीतसर सलाम केला आणि त्याने उठून आम्हांला दारापर्यंत पोचवले.

गाडीत मुले खुश होती. एवढी नीट माहिती दुसऱ्या कोणत्याच घरात मिळाली नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. वहीत घरातल्या माणसांची नोंद करायची असते, म्हणून एकाने मला विचारले की त्या घरात आणखी कोण असते.

त्यांची आई असते, मी सांगितले. आज बाहेरगावी गेल्या आहेत.

त्याने तसे लिहून घेतले. गाडी मूर्तिजापूरला दोन मिनिटे थांबली. फलाटावर ओढणी घेतलेल्या दोन-तीन बाया पिशव्या घेऊन अकोल्याकडच्या गाडीची वाट बघत उभ्या होत्या. त्यांत भाभी होत्या की नाही, हे मला ओळखता आले नाही. मी दारापर्यंत गेलो होतो. गाडी हलली तसा परत येऊन जागेवर बसलो.